ठाम ओळख आणि ॲलिबी: फिलिपिन्सच्या खून खटल्यांत आधी काय तपासायचं?

फिलिपिन्समधल्या गाजलेल्या खुनांचे व्हिडिओ बघून आलेल्या माणसाशी विस्कोंदे प्रकरणावर बोला (१९९१ मधलं तिहेरी हत्याकांड, ज्यात शिक्षा झालेले आरोपी २०१० मध्ये निर्दोष सुटले), दोनपैकी एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ‘डोळ्यांनी बघणारी साक्षीदार होती, तरी सोडलं.’ नाहीतर ‘सिनेटरचा मुलगा, ॲलिबी उभी केली आणि सुटला.’ दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच: तराजूच्या एका पारड्यात साक्षीदाराने पटवलेली ओळख, दुसऱ्यात आरोपीची ॲलिबी, म्हणजे ‘गुन्ह्याच्या वेळी मी दुसरीकडे होतो’ हा बचाव, आणि न्यायाधीश बघणार कुठलं जड ते. तिथल्या कित्येक निकालपत्रांतही ‘ठाम ओळखीपुढे ॲलिबी टिकत नाही’ हे वाक्य सवयीने लिहिलेलं असतं, त्यामुळे ही समजूत आणखी घट्ट होते. समजूत चुकीची आहे, आणि तिच्यामुळे माणसं तुरुंगात कुजली आहेत.

ॲलिबी म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा त्यावर थोडक्यात. तिथली न्यायालयं दोन गोष्टी मागतात. गुन्ह्याच्या वेळी आरोपी दुसरीकडे होता, आणि तिथून घटनास्थळी पोचणं त्याला प्रत्यक्षात अशक्य होतं. शेजारच्या वस्तीत मित्राकडे पीत बसलो होतो, एवढ्याने भागत नाही, कारण ट्रायसिकलने (तिथल्या तीनचाकी रिक्षाने) तिथून सहज येता येतं. बायको, आई, भाऊ यांच्या साक्षीला फार वजन मिळत नाही, त्रयस्थ माणूस किंवा कागद लागतो.

ॲलिबी आणि स्वसंरक्षण यांची सरमिसळ करणारेही भेटतात, पण हा फरक सोपा आहे. ‘मी मारलं, पण जीव वाचवायला’ असं म्हणणारा आरोपी मारल्याचं कबूल करतो, म्हणून पुढचं सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते. ‘मी तिथे नव्हतोच’ म्हणणारा काहीच कबूल करत नाही. सगळं सिद्ध करण्याचं ओझं सरकारी पक्षावरच राहतं.

खरी मेख इथून पुढे आहे.

‘ठाम ओळख’ म्हणजे साक्षीदाराने ठामपणे सांगितलेली ओळख, असं बहुतेक जण धरून चालतात. ठामपणा हा साक्षीदाराचा स्वभाव असू शकतो, सराव असू शकतो, पढवणंही असू शकतं. न्यायालयाला हवी असते ती तपासणीत टिकलेली ओळख. ती टिकली का, हा प्रश्न ॲलिबीकडे नजर टाकण्याआधी आणि ॲलिबी संपूर्ण बाजूला ठेवून सोडवायचा असतो. ओळख टिकली, तरच ‘तिच्यापुढे ॲलिबी टिकत नाही’ हा नियम लागू होतो. ओळख ढासळली तर आरोपीची ॲलिबी कितीही लंगडी असो, अगदी ‘घरी झोपलो होतो’ एवढीच असो, त्याला सोडावंच लागतं. बचाव दुबळा आहे म्हणून सरकारी पक्ष बळकट होत नाही. फिलिपिन्समध्ये ज्युरी नाही, खुनाचा खटला प्रादेशिक न्यायालयात एकच न्यायाधीश चालवतो. म्हणजे हा क्रम पाळायचा की नाही, हे एका माणसाच्या शिस्तीवर अवलंबून असतं. क्रम चुकला तर समोरच्याची २० वर्षं १ दिवस ते ४० वर्षं जाऊ शकतात. २००६ मध्ये मृत्युदंड रद्द होईपर्यंत जीवही जाऊ शकत होता.

ओळख तपासायची कशी, याची चौकट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पीपल (म्हणजे सरकार पक्ष) विरुद्ध तिहांकी या खटल्यात घालून दिली. साक्षीदाराला गुन्हेगार नीट दिसण्याची संधी होती का, त्याचं लक्ष कितपत होतं, आधी केलेलं वर्णन जुळतं का, खात्री किती होती, घटना आणि ओळख यांत किती काळ गेला, आणि ओळख पटवण्याची पद्धत सुचवणारी होती का. खात्री हा सहापैकी फक्त एक मुद्दा आहे, हे लक्षात घ्या. चर्चेत मात्र बाकीचे पाच गायब होतात.

तो खटला मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात ओळख खरोखर टिकली होती. १३ जुलै १९९१ च्या पहाटे मकातीतल्या दासमारीन्यास व्हिलेजमध्ये तिघा तरुणांवर गोळ्या झाडल्या गेल्या, दोघांचा जीव गेला. मारेकऱ्याने गाडीतून उतरून त्यांना हटकलं होतं, ओळखपत्र मागितलं होतं. वाचलेल्या तरुणाने त्याला रस्त्यावरच्या दिव्यांत समोरासमोर पाहिलं होतं, आणि इतर प्रत्यक्षदर्शीही होते. आरोपी म्हणाला, मी पासिगच्या घरी झोपलो होतो. पासिग आणि मकाती एकाच महानगरात आहेत. तो दोषी ठरला. त्याचे वडील देशाचे माजी सरन्यायाधीश होते. ‘बड्या घरचे सुटतात’ एवढ्यावर सगळं उलगडलं असं मानणाऱ्यांनी तिहांकी हे नाव विसरू नये.

अनोळखी माणसाची ओळख आणि ओळखीच्या माणसाची ओळख यांतही फरक करायला हवा. लहान गावात साक्षीदार आरोपीला लहानपणापासून पाहत असतो. तिथे प्रश्न उरतो उजेडाचा आणि वैराचा, आणि उजेडाबाबत तिथलं न्यायालय बरंच उदार आहे: रॉकेलचा दिवा, टॉर्च, चांदणंसुद्धा पुरेसं मानलं गेलं आहे. अनोळखी चेहऱ्याचं तसं नाही. तिथे पोलिसांनी ओळख कशी पटवून घेतली यावर सगळं लटकतं. आपल्याकडची दंडाधिकाऱ्यांसमोरची ओळखपरेड डोळ्यांपुढे आणू नका. तिथे रांगेत उभं करून ओळख घेतलीच पाहिजे असा कायदा नाही, आणि ती घेतात तेव्हा पोलिसच घेतात. २००४ च्या पिनेदा खटल्यात साक्षीदाराला फक्त संशयितांचेच फोटो दाखवले होते. न्यायालयाने बजावलं की अनेक फोटो दाखवा, आणि त्यांची मांडणी अशी नको की कुणाकडे बोट दाखवायचं ते कळावं. धोक्याच्या बारा खुणाही सांगितल्या आणि पिनेदाला सोडलं. २००८ च्या रॉड्रिगो खटल्यात तर एकुलत्या एका प्रत्यक्षदर्शीला एकच फोटो दाखवला होता. रॉड्रिगोही सुटला.

एकदा फोटो मनात बसला की पुढे न्यायालयात साक्षीदार त्या फोटोलाच ओळखतो. आणि न्यायालयातली ओळख म्हणजे काय, तर वकील विचारतो, ‘तो माणूस या खोलीत आहे का?’ साक्षीदार बोट दाखवतो, आणि ज्याच्याकडे दाखवलं त्याने नाव विचारल्यावर अमुक सांगितलं, अशी नोंद होते. अटकेतला आरोपी अनेकदा कैद्यांच्या पिवळ्या टी-शर्टात बसलेला असतो. त्याच्याकडे बोट दाखवायला स्मरणशक्ती लागत नाही. या क्षणाला ‘न्यायालयात ठामपणे ओळखलं’ म्हणून गौरवणारी वर्णनं वाचली की माझा संताप होतो.

आता विस्कोंदे. ३० जून १९९१, म्हणजे मकातीच्या त्या गोळीबाराआधी जेमतेम दोन आठवडे, पारान्याकेतल्या घरात आई आणि दोन मुलींची हत्या झाली. चार वर्षांनी जेसिका अल्फारो ही साक्षीदार पुढे आली. तिने सिनेटर फ्रेडी वेब यांचा मुलगा ह्युबर्ट वेब आणि इतरांची नावं घेतली, सगळी रात्र तपशीलवार सांगितली. २००० मध्ये शिक्षा झाली, अपील न्यायालयाने ती कायम केली, आणि १४ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं.

निकाल न्यायमूर्ती आबाद यांनी लिहिला, आणि त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. आधी साक्षीदार. ती फिलिपिन्सच्या राष्ट्रीय तपास संस्थेची खबरी होती. साक्षीदार आणून देते म्हणाली, आणता आला नाही, तेव्हा स्वतःच ती भूमिका घ्यायला तयार झाली, हे पुराव्यात आलं होतं. तिच्या दोन प्रतिज्ञापत्रांत विसंगती होत्या. न्यायालयाचं म्हणणं होतं की खोटं बोलणारा साक्षीदारही खऱ्याइतक्याच ठामपणे ‘यानेच केलं’ म्हणू शकतो, म्हणून साक्षीदार विश्वासार्ह हवा आणि त्याची कहाणीही मुळात पटण्यासारखी हवी. त्यानंतर वेबची ॲलिबी: मार्च १९९१ ते ऑक्टोबर १९९२ तो अमेरिकेत होता, पासपोर्टवरचे शिक्के आणि दोन्ही देशांच्या नोंदी तसं सांगत होत्या. निर्दोष माणसाकडे नकार आणि ॲलिबी यांशिवाय दुसरा बचाव असणार तरी कुठून, असंही निकालात आहे.

पण ‘ॲलिबीने सुटला’ म्हणणाऱ्यांनी सहआरोपींकडे बघावं. त्यांच्यापैकी कुणी अमेरिकेत नव्हतं. वेबसारखा कागदांचा आधार त्यांना नव्हता. तरी तेही सुटले, कारण वेब देशात नव्हता हे मान्य केल्यावर अल्फारोची कहाणीच उभी राहत नव्हती, आणि त्यांच्याविरुद्धचा मुख्य पुरावा तीच होती. इथे आधीच डळमळलेल्या साक्षीदाराला ॲलिबीने पुरतं खोटं पाडलं आणि साक्षीदार कोसळल्यामुळे सगळे सुटले.

हा क्रम सगळीकडे पाळला गेला असता तर बरं झालं असतं. १९९७ मध्ये सेबूत दोन बहिणी बेपत्ता झाल्या. त्यांच्या अपहरण आणि खुनाच्या आरोपींपैकी पाको लारान्यागाचे शिक्षक आणि सहविद्यार्थी सांगत होते की तो त्या दिवशी मनिला महानगरातल्या केसोन सिटीतल्या पाककला शाळेत होता. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला मृत्युदंड सुनावताना त्याला सेबूत पाहिल्याच्या साक्षी मानल्या, आणि ॲलिबी नाकारताना मनिला ते सेबू विमानाने तासाभराचाच प्रवास आहे, चार विमान कंपन्या उडतात, याकडे बोट दाखवलं. मला हे पटत नाही. विमानं होती एवढ्याने तो त्यात बसला असं होत नाही, आणि वर्गात सोबत बसलेल्यांच्या साक्षीला वेळापत्रक हे उत्तर नव्हे. प्रमुख साक्षीदार स्वतः आरोपींतून माफीचा साक्षीदार झालेला होता. अशा माणसाची ओळख आधी, एकटी, सहाही मुद्द्यांवर घासून बघायला हवी होती. पिनेदाचा निकाल त्याच न्यायालयाने त्याच वर्षी, चार महिन्यांच्या आत दिला.