मोकळ्या तळमजल्याच्या इमारतींवरील वाऱ्याचा दाब

तळमजल्याला भिंती न घालता नुसत्या कॉलमवर उचललेल्या इमारतीला वारा भिंती आणि गच्ची यांखेरीज खालूनही भिडतो. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड या शहरांत पार्किंगच्या सोयीसाठी अशा इमारती सर्रास दिसतात.

वारा ज्या भिंतीवर आदळतो तिथे दाब वाढतो. मागच्या बाजूला तो घटून शोषण तयार होते. मोकळ्या तळमजल्यामुळे या दोन बाजू थेट जोडल्या जातात आणि हवा तेथून झोताने सुटते. रस्त्यावर साधी झुळूक असली तरी पार्किंगमधल्या गाडीचे कव्हर फडफडते ते यामुळेच. पहिल्या स्लॅबच्या पोटावर कधी वर रेटणारा दाब येतो, कधी खाली ओढणारे शोषण.

भारतीय मानक 875 च्या भाग 3 मध्ये (2015) संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरला आहे. हा 10 मीटर उंचीवरचा, 3 सेकंदांच्या झोताचा वेग. वेगाच्या वर्गाला 0.6 ने गुणले की दाब मिळतो: चौरस मीटरला सुमारे 913 न्यूटन, म्हणजे 93 किलोचा भार. 12.5 सेंटिमीटर जाडीच्या आरसीसी स्लॅबचे वजनच तेवढ्या जागेत 300 किलोवर भरते, त्यामुळे स्लॅब उचलला जाण्याची धास्ती नको. वळवाच्या वादळात सुटतात ते पार्किंगच्या छताला ठोकलेले फॉल्स सीलिंग, पीव्हीसीच्या पट्ट्या आणि गच्चीवरचे पत्रे. जुन्या माळवदाला ही भीती नव्हती. त्याच्या मातीच्या वजनाने घात केला तो 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात.

वरच्या सगळ्या मजल्यांवरचा आडवा रेटा शेवटी तळमजल्याच्या कॉलममधूनच पायात उतरतो. तिथे साथीला भिंती नसल्याने कॉलमची डोकी आणि बुंधे सर्वाधिक वाकतात. चार-पाच मजली आरसीसी इमारतीत मात्र भूकंपाचा रेटा बहुधा वाऱ्यापेक्षा मोठा ठरतो. 2001 च्या भूज भूकंपात अहमदाबादेत अशाच मोकळ्या तळमजल्याच्या अनेक इमारती कोसळल्या.

नकाशा मंजूर झाल्यावर पार्किंगच्या तीन बाजू बांधून तिथे दुकान किंवा वॉचमनची खोली काढली, तर वाऱ्याचे गणितच बदलते. उघड्या बाजूने शिरलेल्या वाऱ्याला पुढे वाट राहत नाही. तो आतच कोंडतो, आणि छताखालच्या हलक्या आच्छादनावर पूर्ण दाब येतो.