खरवस का थिजतो आणि वासराला चीक का हवा

पहिल्या दिवसाचा चीक इतका दाट असतो की त्यात दूध मिसळल्याशिवाय खरवस मऊ होत नाही. चौथ्या दिवशीचा चीक मात्र कितीही वाफवला तरी धड थिजत नाही. चिकात पाण्यात विरघळणारी प्रथिने विपुल असतात, आणि त्यांतला मोठा वाटा प्रतिपिंडांचा, म्हणजे अँटिबॉडींचा असतो. उष्णतेने या प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांत गुंततात आणि वडी धरते. घडी मोडलेले प्रतिपिंड जंतूला ओळखू शकत नाही. त्यामुळे खरवसाने रोगप्रतिकारशक्ती वाढते, हा प्रचार निराधार आहे. खरवस चवीसाठी खावा, आणि तोही वासराचे पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा.

वासराला चीक अत्यावश्यक असतो, कारण गाईच्या वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. जन्मानंतर साधारण चोवीस तासच वासराचे आतडे ती अखंड शोषून रक्तात सोडते आणि त्यातही पहिले काही तास सर्वांत मोलाचे असतात. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, ही समजूत म्हणूनच वासराच्या जिवावर बेतू शकते.

माणसाच्या वारेची रचना वेगळी आहे; तिच्यातून काही प्रतिपिंडे जन्माआधीच बाळापर्यंत पोहोचतात. प्रतिपिंडाचा रेणू बेचकीसारखा असतो: दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या, फाट्यांची टोके जंतूला पकडणारी, आणि खालची मूठ शरीरातील इतर पेशींना खूण पटवणारी. या मुठीवरून आयजीजी, आयजीएम, आयजीए, आयजीई आणि आयजीडी असे पाच वर्ग पडतात. त्यांपैकी वार ओलांडते ते केवळ आयजीजी.

वारेतील पेशी आईच्या रक्तातील द्रवाचे थेंब गिळून आत पिशव्या तयार करतात. पिशवीतील द्रव आम्लधर्मी होत जातो, आणि सामू 6 च्या आसपास आला की आयजीजीच्या मुठीतील हिस्टिडीन या अमिनो आम्लावर धनभार येऊन मूठ एफसीआरएन नावाच्या ग्राहक प्रथिनाला घट्ट चिकटते. पिशवी पलीकडच्या बाजूस उघडली की तेथील सामू 7.4 असल्याने धनभार निघून जातो, पकड सुटते आणि प्रतिपिंड बाळाच्या बाजूला मोकळे होते. ग्राहकाला न चिकटलेली प्रथिने पेशीतच पचवली जातात. प्रौढांच्या रक्तवाहिन्यांतही हाच ग्राहक आयजीजीला नाशापासून वाचवतो, आणि म्हणून त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे 21 दिवस लागतात, तर आयजीएमला जेमतेम पाच. वेल्समधील बँगोरचे प्राणिशास्त्रज्ञ रॉजर्स ब्रॅम्बेल यांनी असा ग्राहक असलाच पाहिजे, हे तो प्रत्यक्ष हाती लागण्याच्या कितीतरी आधी तर्काने मांडले होते. मला हे त्या काळातील सर्वांत देखणे अनुमान वाटते.

ही ने-आण मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत होते, म्हणून अपुऱ्या दिवसांच्या बाळाकडे आईचा हा साठा कमी असतो. आयजीएम वार ओलांडत नसल्याने, नवजात बाळाच्या रक्तात एखाद्या जंतूविरुद्धचे आयजीएम आढळले तर संसर्ग गर्भातच झाला असावा, असे डॉक्टर मानतात.

आईच्या पहिल्या पिवळसर दुधातील आयजीए रक्तात जात नाही. दोन बेचक्या मुठीला मूठ जोडून त्यांवर संरक्षक प्रथिनाचे वेष्टन असल्याने ते पचनातून वाचते आणि आतड्याच्या अस्तरावर जंतूंना रोखते. हे दूध वाईट म्हणून पिळून टाकणाऱ्या घरांत बाळाचे थेट नुकसान होते.

आईकडून आलेले आयजीजी पहिल्या काही महिन्यांत ओसरते. ते पुरेसे शिल्लक असताना गोवराची लस टोचली, तर लसीतील दुर्बल केलेला विषाणू वाढण्यापूर्वीच निकामी होतो आणि बाळाची स्वतःची प्रतिपिंडे नीट तयार होत नाहीत. म्हणून आपल्याकडे ही लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात.