शिवता येतं की शिकायचंय? टेलरिंगच्या अर्जाआधी एवढं ठरवा

"मोफत शिलाई मशीनचा फॉर्म कुठं भरायचा?" मराठवाड्यातल्या कुठल्याही सेवा केंद्रावर तासभर बसलात तर हा प्रश्न एकदा तरी कानावर पडतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी 'पंतप्रधान मोफत शिलाई मशीन योजना' अस्तित्वातच नाही. केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयानं ती खोटी असल्याचं सांगून झालंय, तरी मेसेज काही थांबत नाही. त्या लिंकवर आधार नंबर टाकू नका. मशीनला मदत मिळते, पण दुसऱ्या वाटेनं. तुमची वाट कोणती, ते एका प्रश्नावर ठरतं: शिवता येतं का?

येत असेल, घरी ब्लाउज, परकर, फॉल-पिको करून चार पैसे मिळवत असाल, तर पीएम विश्वकर्मा. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या या योजनेत 18 व्यवसाय आहेत आणि शिंपीकाम त्यातलं एक. वय 18 पूर्ण हवं आणि काम स्वतःचं, हातानं केलेलं हवं. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. म्हणजे नियमानं सासू आणि सून एका कुटुंबात धरल्या जात नाहीत. घरात सरकारी नोकरी असेल तर अर्ज बाद. गेल्या 5 वर्षांत स्वयंरोजगाराचं सरकारी योजनेतलं कर्ज घेतलेलं नसावं; मात्र छोट्या धंद्यासाठीचं मुद्रा किंवा फेरीवाल्यांसाठीचं स्वनिधी कर्ज पूर्ण फेडलेलं असेल तर चालतं.

अर्ज सीएससी, म्हणजे गावोगावच्या सेवा केंद्रातून होतो आणि नोंदणीला फी नाही. आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक आणि रेशन कार्ड न्या. रेशन कार्ड नसेल तर घरातल्या सगळ्यांचे आधार लागतात. निघण्याआधी फोन करून तुमच्या जिल्ह्यात शिंप्यांची नोंदणी सध्या चालू आहे का ते विचारा, म्हणजे चक्कर वाया जात नाही.

आपल्या भागात अर्ज अडतो तो अंगठ्यावर. नोंदणीला बोटांचे ठसे लागतात, आणि ऊस तोडून, भांडी घासून बोटांच्या रेषा पुसट झालेल्या बायका बीड-जालन्यात कमी नाहीत. मशीनवर चारदा अंगठा ठेवला तरी 'जुळत नाही' एवढंच येतं. अशा वेळी आधी आधार केंद्रात जाऊन ठसे अद्ययावत करून घ्या. दुसरी अडचण नावाची. आधारवर सासरचं नाव, पासबुकावर माहेरचं, असं असेल तर पैसे तिथंच अडकतात. तिसरी ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतलेल्या घरांची. दसऱ्यानंतर टोळी कारखान्यावर जाते, गावाकडचा नंबर रिचार्जविना बंद पडतो, आणि प्रशिक्षणाचा निरोप नेमका त्याच नंबरवर येतो. अर्जात जो नंबर द्याल तो चालू ठेवा.

अर्ज भरला की आधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका खातरजमा करते, मग जिल्हा समिती, शेवटी छाननी समिती. गावपातळीवर अर्ज पडून राहतो, असं मी बऱ्याचदा पाहिलंय; आठवडाभरानं ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला लाजू नका. मंजुरीनंतर 5 ते 7 दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण असतं आणि दिवसाला 500 रुपये विद्यावेतन मिळतं. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतची मदत ई-व्हाउचरनं, म्हणजे डिजिटल कुपनानं येते, रोख नाही. 'मोफत मशीन' म्हणतात ते बहुधा हेच. प्रशिक्षण झालं की 5 टक्के व्याजानं 1 लाखापर्यंत कर्ज, फेड 18 महिन्यांत. ते नीट फेडलं तर पुढं 2 लाखांपर्यंत.

शिवताच येत नसेल तर विश्वकर्माच्या नादी लागू नका. गावाकडच्या बेरोजगार मुली-बायांसाठी प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. तिथला टेलरिंगचा वर्ग साधारण महिनाभराचा, राहणं-जेवणासकट मोफत. आधार, रेशन कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, पासबुक आणि फोटो घेऊन थेट संस्थेतच चौकशी करा. वर्षभर देता येत असेल तर आयटीआय. जुना 'कटिंग अँड सुईंग' हा ट्रेड आता 'सुईंग टेक्नॉलॉजी' झालाय, त्याला आठवी पास चालतं. 'फॅशन डिझाइन अँड टेक्नॉलॉजी'ला दहावी हवी. वय किमान 14. दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन प्रवेश सुरू होतात. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर यांच्यासाठी तहसीलला मे महिन्यातच अर्ज टाकून ठेवा.

चार-पाच मशीन टाकून शाळेचे गणवेश, गाऊन शिवायचे असतील तर जिल्हा उद्योग केंद्रातून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम पाहा. ग्रामीण भागातल्या महिलेला 35 टक्के अनुदान, स्वतःचे 5 टक्के. 4 लाखांचा प्रकल्प असेल तर पदरचे 20,000, अनुदान 1,40,000 आणि उरलेले 2,40,000 बँकेचे. अनुदान लगेच हातात येत नाही, ते 3 वर्षं ठेव म्हणून राहतं आणि तोवर हप्ते नियमित भरावे लागतात. ही वाट धरायची असेल तर विश्वकर्माचं कर्ज आधी उचलू नका, दोन्ही योजना एकमेकींच्या आड येतात. हिशेब आणि प्रकल्प अहवाल जमत नसेल तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र अशी प्रशिक्षणं घेतं; त्याचं मुख्यालय आपल्या छत्रपती संभाजीनगरातच आहे.

अहवालाला मशीनचं कोटेशन जोडावं लागतं. ते जीएसटी नंबर असलेल्या दुकानाचंच घ्या, आणि काज-बटणाचं मशीन त्यात विसरू नका. नाहीतर प्रत्येक शर्टामागं तेवढ्यासाठी तालुक्याला जावं लागतं.