मिश्र दालनांतील विषाणूंचा हिशेब

प्राणिसंग्रहालयांच्या हौशी अभ्यासकांना वाघ-सिंहांपेक्षा आडवळणाच्या सस्तन प्राण्यांचे अप्रूप अधिक असते. काडीसारख्या मधल्या बोटाने लाकूड ठोकून आतील अळी हुडकणारा मादागास्करचा आय-आय पाहण्यासाठी ते दूरदूरचा प्रवास करतात. मायदेशातील काही भागांत मात्र हाच निरुपद्रवी प्राणी अपशकुनी मानून मारला जातो. या मंडळींचे दुसरे वेड म्हणजे अनेक प्रजाती एकत्र नांदवणारी मिश्र दालने: ओरांगउटानांसोबत पाणमांजरे, टॅपिरांसोबत कॅपिबारा, अस्वलांसोबत कोआटी. कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदक वापरून सिंह आणि तृणभक्षी प्राणी एकाच दृश्यात दाखवले. पण तिथे मध्ये खंदक होता. आजच्या मिश्र दालनांत तोही नसतो.

शिंगे, दात आणि जागा यांचा मेळ बसला की प्रश्न सुटला, अशी सर्वसाधारण समजूत आहे, आणि ‘अनोखी मैत्री’ म्हणून फिरणाऱ्या चित्रफिती ती पक्की करतात. खरा हिशेब बऱ्याचदा, एकदा शिरल्यावर शरीरात आयुष्यभर दडून राहणाऱ्या हर्पिस कुळातील विषाणूंचा असतो.

आफ्रिकेतील विल्डबीस्ट या कुरंगाचे उदाहरण घ्या. त्याच्या वासरांना जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच अशा एका विषाणूची लागण होते, परंतु ती आजारी पडत नाहीत. विषाणूचा डीएनए पांढऱ्या पेशींच्या केंद्रकात कड्याच्या रूपाने पडून राहतो आणि त्याची मोजकीच जनुके वाचली जात असल्याने प्रतिकारसंस्थेला त्याचा सुगावा लागत नाही. वासरांच्या नाका-डोळ्यांतील स्रावातून मात्र विषाणूचे सुटे कण बाहेर पडत असतात. ते गाईच्या शरीरात गेले, की तिच्या टी-पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बेसुमार वाढू लागतात, रक्तवाहिन्यांभोवती आणि विविध अवयवांत घुसतात, ज्वर चढतो, डोळे पांढुरके होतात आणि बहुधा मृत्यू ओढवतो. विशेष म्हणजे गाईच्या शरीरात विषाणू पेशींच्या आतच अडकून राहतो. सुटे कण तयार होत नसल्याने एका गाईपासून दुसरीला लागण होत नाही. म्हणजे गाय मारून विषाणूच्या पदरात काहीच पडत नाही. दीर्घ सहवासातून विल्डबीस्टशी जुळलेली तडजोड परक्या शरीरात फसते, एवढाच त्याचा अर्थ. पशुवैद्यक वॉल्टर प्लॉराइट व सहकाऱ्यांनी १९६० मध्ये विल्डबीस्टपासून हा विषाणू वेगळा केला. त्याच्या कितीतरी आधीपासून पूर्व आफ्रिकेतील मसाई पशुपालक विल्डबीस्टच्या विणीच्या काळात गुरे दूर नेत असत. दोष ते वासराच्या जन्मानंतर पडणाऱ्या वारेला देत, पण खबरदारी अचूक होती.

तेव्हा एकाच खंडातील प्राणी एकत्र ठेवावेत, हा नियम केवळ देखाव्यापुरता नाही; तथापि तो पुरेसाही नाही. स्क्विरल मंकी आणि मार्मोसेट ही दोन्ही माकडे दक्षिण अमेरिकेचीच, तरीही पहिल्याच्या शरीरात निमूट राहणारा हर्पिस विषाणू दुसऱ्यात टी-पेशींचा जीवघेणा कर्करोग निर्माण करू शकतो. दालन एक असण्याचीही गरज नसते. जर्मनीतील वुपर्टाल येथे २०१० मध्ये मेंदूदाहाने दगावलेल्या ध्रुवीय अस्वलात आढळलेल्या घोड्यांच्या हर्पिस विषाणूत झेब्र्यांच्या विषाणूचा तुकडा मिसळलेला होता, आणि अस्वले काही झेब्र्यांसोबत राहत नव्हती.

अर्थात प्रत्येक वेळी शेजाऱ्यावर संशय घेणेही बरोबर नाही. आशियाई हत्तींची पिल्ले एका हर्पिस विषाणूमुळे झालेल्या रक्तस्रावाने अचानक मरतात असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा विषाणू आफ्रिकी हत्तींकडून आला असावा असा तर्क होता. पुढील संशोधनात मात्र सर्वाधिक बळी घेणारा प्रकार मुळात आशियाई हत्तींचाच असल्याचे आणि तो रानातील कळपांतही असल्याचे दिसून आले. इथे धोका परक्या शरीराचा नसून प्रतिपिंडे अपुरी असण्याच्या वयाचा आहे: आईकडून मिळालेली प्रतिपिंडे ओसरतात आणि पिल्लाची स्वतःची अजून पुरेशी तयार झालेली नसतात. त्यामुळे दोन जातींचे हत्ती वेगळे ठेवूनही अनेक प्राणिसंग्रहालयांना पिल्लांचे रक्त नियमितपणे तपासावे लागते आणि विषाणूचे प्रमाण वाढताना दिसले की लक्षणांची वाट न पाहता औषधे सुरू करावी लागतात.