काकांना दवाखान्यात नेल्यावर बिघडलं, असं का होतं?

परवा लिफ्टमध्ये कानावर पडलं, "चालत नेलं होतं हो काकांना, हात थोडा जड झाला होता एवढंच, आणि ॲडमिट केल्यावर दुसऱ्या दिवशी बोलणंच बंद! काहीतरी चुकीचं इंजेक्शन दिलं असणार." मी गप्प बसलो कारण चौथा मजला आला. पण हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकतो.

स्ट्रोक म्हणजे आपल्याकडचं "अंगावरून वारं जाणं". (वाऱ्याचा काही संबंध नाही, तसाच कबुतराच्या रक्ताने मालिश करण्याचाही नाही, आणि बोटं सुईने टोचा म्हणणारा तो फॉरवर्ड तर प्लीज डिलीट करा, त्यात फक्त वेळ जातो.) मेंदूची रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. तुंबण्याची अनेक कारणं, त्यातलं एक हृदयात असतं, एट्रियल फिब्रिलेशन उर्फ एएफ. शाळेत शिकलेली डावी कर्णिका, म्हणजे हृदयाचा वरचा डावा कप्पा, आठवा. ती नीट आकसायच्या ऐवजी नुसती थरथरत राहते, तिला चिकटलेल्या बोटाएवढ्या पिशवीत रक्त साचतं, गुठळी होते आणि एक दिवस ती सुटून मेंदूकडे निघते. एएफ असलेल्यांना स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट.

आता माझा आवडता भाग. मेंदूला दर 100 ग्रॅममागे मिनिटाला साधारण 50 मिली रक्त लागतं. ते 20 च्या खाली गेलं की पेशी काम थांबवतात, 10 च्या खाली गेलं की मरायला लागतात. म्हणजे 10 ते 20 च्या मधल्या पेशी गप्प असतात पण जिवंत असतात! या भागाला पेनम्ब्रा म्हणतात, आणि हा शब्द आलाय ग्रहणातून, आपण भूगोलात शिकलो ती उपच्छाया. पूर्ण काळोख नाही, अर्धवट उजेड. सगळी इमर्जन्सी धावपळ या उपच्छायेसाठी असते.

ही उपच्छाया जगते आजूबाजूच्या छोट्या वाहिन्यांवर, म्हणजे हायवे बंद झाल्यावर गावातल्या रस्त्याने ट्रॅफिक वळवतात तसं. मानेतली धमनी वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होत गेली असेल तर हे गावरस्ते रुंद व्हायला वेळ मिळालेला असतो. एएफमध्ये गुठळी थेट हृदयातून येऊन धाडकन बसते, तयारी शून्य. त्यात त्या भागातल्या वाहिन्या आधीच पूर्ण पसरलेल्या असतात, अजून पसरायला जागाच नाही, त्यामुळे ब्लड प्रेशर उतरलं की तिथला रक्तपुरवठाही लगेच उतरतो. आणि एएफमध्ये ठोके 140-150 झाले की हृदय भरायलाच वेळ मिळत नाही, मग प्रेशर पडतं, वरचं 180 चं 90 होतं आणि काल बोलणारे काका आज बोलत नाहीत. इंजेक्शन चुकलेलंच असायला लागत नाही.

उलटंही होतं. गुठळी विरघळते, रक्त परत जोरात येतं, पण मधल्या काळात मेंदू आणि रक्तातला अडसर, म्हणजे ब्लड-ब्रेन बॅरियर, सैल झालेला असतो (एमएमपी-9 नावाचं एन्झाइम त्या भिंतीचं सिमेंट खातं, हा एक वेगळाच लेख होईल), मग आत रक्तस्राव. एएफवाल्या स्ट्रोकमध्ये हा धोका जास्त. म्हणून डॉक्टरांची कात्री होते, रक्त पातळ करायची गोळी लवकर दिली तर रक्तस्रावाची भीती, उशिरा दिली तर दुसरी गुठळी. 2023 च्या 'एलान' ट्रायलमध्ये ही भीती बरीच कमी झाली: छोट्या-मध्यम स्ट्रोकमध्ये 48 तासांत आणि मोठ्यात सहाव्या-सातव्या दिवशी गोळी सुरू केली तरी मेंदूतला गंभीर रक्तस्राव, लवकर आणि उशिरा गोळी घेणाऱ्या दोन्ही गटांत, 0.2 टक्केच.

मग कोण बिघडणार हे आधी कळतं का? थोडंफार. सुरुवातीचा स्ट्रोक किती मोठा, साखर किती, मोठी वाहिनी बंद आहे का, गावरस्ते कसे आहेत, यावरून अंदाज बांधतात. आता एआय मॉडेलं आलीत आणि "अचूकता 0.8" अशा बातम्या येतात. तो आकडा बहुतेक वेळा एयूसी असतो. म्हणजे एक बिघडलेला आणि एक न बिघडलेला पेशंट घेतला तर 100 पैकी 80 वेळा मॉडेल बिघडलेल्याला जास्त धोका दाखवतं. तुमच्या काकांचं काय होणार हे 80 टक्के खात्रीने सांगतं असं नाही!

म्हणून तोवर जुनीच पद्धत, स्ट्रोक किती वाईट हे मोजणारा एनआयएचएसएस नावाचा 42 गुणांचा स्कोअर, जास्त गुण म्हणजे जास्त वाईट. 24 तासांत 4 गुण वाढले की बिघडलं असं बऱ्याच ठिकाणी धरतात. त्यासाठी सिस्टर रात्री दोन वाजता उठवून हात वर धरायला लावते, वय विचारते, महिना विचारते. नातेवाईक चिडतात, झोपू पण देत नाहीत म्हणून. आमच्या एका नात्यातल्या आजोबांनी महिना "श्रावण" सांगितला होता, सिस्टर ऑगस्टची वाट बघत बसली आणि नाही म्हणायला एक गुण वाढवणार होती, तेवढ्यात आजी म्हणाल्या, "बरोबर आहे की, परवाच नागपंचमी झाली."