तिजोरी, चटणी आणि माळ्यावरची ट्रंक

एप्रिल 2011. ईस्टरची सुट्टी तोंडावर आलेली, ‘पोर्टल 2’ हा गेम आदल्याच दिवशी बाजारात उतरलेला, आणि प्लेस्टेशन 3 लावून बसलेल्या पोरांना सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्कमध्ये, म्हणजे ऑनलाइन खेळायच्या आणि गेम विकत घ्यायच्या सेवेत, शिरताच येईना. पडद्यावर देखभालीचं काम चालू असल्याचा निरोप. एक-दोन दिवस लागतील, असं सोनीने सांगितलं. लागले तेवीस.

खरा प्रकार सुरू झाला होता अमेरिकेत, सॅन डिएगोच्या डेटा सेंटरमध्ये. तिथे प्लेस्टेशन नेटवर्कचे साधारण 130 सर्व्हर होते. 19 एप्रिलला त्यातले काही, कुणी हात न लावता, आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाले. सर्व्हर असं करत नाही. चार सर्व्हर ताबडतोब बाजूला काढले. दुसऱ्या दिवशी कळलं की कुणीतरी आत शिरलंय आणि बाहेर काहीतरी गेलंय. मग मात्र सोनीने अख्खं नेटवर्कच बंद केलं. काय गेलं हे शोधायला आणखी पाच-सहा दिवस गेले, कारण आत शिरणाऱ्यांनी जाता जाता नोंदवह्या, म्हणजे लॉग फायली, पुसल्या होत्या. 26 एप्रिलला जगाला आकडा कळला: 7 कोटी 70 लाख खाती. नाव, पत्ता, ईमेल, जन्मतारीख, लॉगिन, पासवर्ड.

सात दिवस का थांबलात, म्हणून सोनीवर चौफेर टीका झाली आणि ती योग्यच होती. 1 मेला टोकियोत सोनीच्या गेमिंग विभागाचे प्रमुख काझुओ हिराई यांनी पत्रकारांसमोर कंबरेतून वाकून माफी मागितली.

हल्ला कसा झाला, हेही त्याच वेळी सांगितलं गेलं. बाहेरच्या जगाला दिसणारा वेब सर्व्हर, त्यामागे व्यवहार सांभाळणारा ॲप्लिकेशन सर्व्हर, सर्वांत आत डेटाबेस, आणि मध्ये फायरवॉल, म्हणजे येणाजाणाऱ्याला तपासणारा पहारेकरी, अशी रचना होती. हल्लेखोरांनी आपली आज्ञा साध्या खरेदीच्या व्यवहारात लपवून पाठवली. फायरवॉलला वाटलं, गिऱ्हाईक आलंय. मधल्या सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये एक भोक होतं, तिथून ते डेटाबेसपर्यंत पोचले. हे भोक जगाला माहीत असलेलं होतं. सोनीच्या व्यवस्थापनाला ते आपल्याकडे आहे याची कल्पना नव्हती. सॉफ्टवेअर वेळेवर अद्ययावत केलं असतं तर हा हल्ला टाळता आला असता, असं म्हणत ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने 2013 मध्ये कंपनीला अडीच लाख पौंड दंड केला.

पण कुठलंही कुलूप कधी ना कधी तुटतं, असं धरून चालणं या धंद्यात शहाणपणाचं. मग प्रश्न उरतो, चोर घरात शिरलाच तर त्याच्या हाती काय लागेल?

पासवर्डांचंच घ्या. ते ‘एन्क्रिप्ट केलेले नव्हते’ या बातमीवर गहजब झाला. मग सोनीने खुलासा केला की ते उघडेही ठेवलेले नव्हते, ते ‘हॅश’ केलेले होते. बहुतेकांना हा खुलासा म्हणजे शब्दांचा खेळ वाटला. फरक मात्र खरा आहे. एन्क्रिप्शन म्हणजे तिजोरी: किल्ली असेल तर आतली वस्तू जशीच्या तशी परत मिळते. हॅश म्हणजे चटणी. खोबरं, मिरच्या, कोथिंबीर एकदा वाटली की त्यातून खोबरं परत काढता येत नाही. पण तेच जिन्नस त्याच मापाने घेतले तर तीच चटणी तयार होते. तुम्ही पासवर्ड टाकता, कंपनी त्याची चटणी वाटते आणि साठवलेल्या चटणीशी जुळते का ते पाहते. मूळ पासवर्ड जवळ ठेवायची तिला गरजच नाही. म्हणूनच ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर एखादी वेबसाइट तुमचा जुना पासवर्डच ईमेलने पाठवत असेल, तर तिथून तातडीने बाहेर पडावं.

चटणीतही एक खोट आहे. एमडी5 नावाच्या जुन्या पद्धतीत ‘पासवर्ड’ या इंग्रजी शब्दाची चटणी ‘5एफ4डीसीसी3बी’ अशी सुरू होते, आणि जगात कुठेही, कुणाच्याही खात्यात ती तशीच असते. ‘123456’ची सुरू होते ‘ई10एडीसी3949’ने. चोरांकडे अशा लाखो शब्दांच्या चटण्या आधीच वाटून, चिठ्ठ्या लावून ठेवलेल्या असतात. चोरलेली यादी समोर ठेवायची आणि जुळवत जायचं.

यावरचा उपाय म्हणजे सॉल्ट, अक्षरशः मीठ. प्रत्येक खात्यासाठी वेगळी, यदृच्छेने निवडलेली अक्षरं पासवर्डात मिसळून मगच वाटायचं. आता दोघांचा पासवर्ड एकच असला तरी चटण्या वेगळ्या होतात, आणि चोरांच्या चिठ्ठ्या लावलेल्या बरण्या निकामी ठरतात. मीठ गुप्त नसतं, ते पासवर्डाशेजारीच साठवलेलं असतं. तरीही काम करतं, कारण प्रत्येक खात्यासाठी चोराला नव्याने वाटत बसावं लागतं.

तरीही चोराकडे मिक्सर आहे. गंमत म्हणजे तो मिक्सर गेमिंगनेच त्याला दिला. खेळातलं गवत, पाणी, सावल्या झरझर रंगवायला बनवलेलं ग्राफिक्स कार्ड एकाच वेळी हजारो छोटी गणितं करतं, आणि एमडी5सारखा हॅश सेकंदाला अब्जावधी वेळा काढू शकतं. म्हणून पासवर्डासाठी मुद्दाम संथ पद्धती बनवल्या गेल्या. 1999 मधली बीक्रिप्ट त्यातली जुनी आणि अजून वापरात असलेली. हा पाटा-वरवंटा आहे, शिवाय तो किती जड ठेवायचा हेही ठरवता येतं. तुम्हाला लॉगिन करताना सेकंदाचा छोटासा अंश जास्त लागतो, जाणवतही नाही. कोट्यवधी शब्द वाटून बघणाऱ्याचे मात्र हात दुखून येतात.

कार्डांचे नंबर चटणी करून ठेवता येत नाहीत, कारण पुढच्या खरेदीला ते परत लागतात. ते तिजोरीतच ठेवायला हवेत, आणि किल्ली दुसऱ्या घरी. सोनीच्या नेटवर्कवर सुमारे 1 कोटी 23 लाख खातेदारांची कार्डं नोंदलेली होती. ती एन्क्रिप्ट केलेली होती. चोरीला गेलीच नाहीत, असं मात्र कंपनीला छातीठोकपणे सांगता आलं नाही.

मला या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती वेगळीच. 2 मेला सोनीच्या दुसऱ्या कंपनीने, सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटने, आपलीही 2 कोटी 46 लाख खाती फुटल्याचं जाहीर केलं. त्यात अमेरिकेबाहेरच्या गिऱ्हाइकांची सुमारे 12,700 कार्डं होती. ती आली कुठून? 2007 सालच्या, वापरातून गेलेल्या एका डेटाबेसातून. माळ्यावर जुनी ट्रंक असते ना, कुणी उघडत नाही, कुणी टाकूनही देत नाही, तसा. चोराने नेमकी तीच उघडली.

आपल्याकडे ही ट्रंक आता नियमानेच रिकामी करायला लावली आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे ऑक्टोबर 2022 पासून भारतात ऑनलाइन विक्रेत्यांना कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. त्याऐवजी ‘टोकन’, म्हणजे नंबराच्या जागी वापरायचं बदली चिन्ह असतं, ते त्या विक्रेत्यापुरतंच चालतं. दुसऱ्या दुकानात त्याची किंमत शून्य.

आता एक गल्लत दूर करतो. 2014 च्या नाताळात प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स दोन्ही नेटवर्क कोलमडली, तेव्हाही ‘हॅक’ हाच शब्द वापरला गेला. तो डीडॉस हल्ला होता, म्हणजे खोट्या मागण्यांचा पूर पाठवून सर्व्हर ठप्प करणं. तिकीट काढायचं नसलेल्या हजारो माणसांनी खिडकीसमोर रांग लावावी, तसा. खरे प्रवासी ताटकळतात, पण गल्ल्यातले पैसे जागेवर असतात.

उलट कुणाचंही कुलूप न तोडता चोरी होऊ शकते. ऑक्टोबर 2011 मध्ये सोनीच्या सेवांवर कुणीतरी लॉगिन-पासवर्डांच्या भल्यामोठ्या याद्या वापरून पाहिल्या. या याद्या दुसरीकडून फुटलेल्या असाव्यात, असा कंपनीचा अंदाज होता. जवळपास 93,000 खात्यांना त्या लागू पडल्या, आणि कंपनीने ती खाती कुलूपबंद केली. माझ्या भाच्याला मी विचारलं, तुझे पासवर्ड किती? “एकच आहे मामा, पण भारी आहे!” असे भारी पासवर्ड जगभर आहेत. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने 2015 मध्ये सांगितलं होतं की दर महिन्याला सुमारे 77,000 खाती हायजॅक होतात आणि त्यातल्या खेळातल्या वस्तू विकून टाकल्या जातात. म्हणून पासवर्डाच्या जोडीला फोनवर येणारा कोड. प्लेस्टेशनला ही सोय आणायला 2016 उजाडावं लागलं.

हे सगळं नीट बसवलं तरी एक फट राहते, ती ‘पासवर्ड विसरलात?’ या दुव्याची. तिथे कंपनी तुम्हाला ओळखते कशावरून? मे 2011 च्या मध्याला नेटवर्क हळूहळू सुरू झालं. प्रत्येकाने पासवर्ड बदलणं सक्तीचं होतं, त्यासाठी वेबवर एक पान उघडलं. 18 मेला ते पान घाईघाईने बंद करावं लागलं. दुसऱ्याच्या खात्याचा पासवर्ड बदलायला तिथे फक्त ईमेल आणि जन्मतारीख पुरत होती. चोरांनी महिन्याभरापूर्वी नेलेल्या मालात नेमक्या याच दोन गोष्टी होत्या.