गाडीतला नवा स्टिरिओ : पडद्यामागच्या तारा

कंपनीचा छोटा प्लेयर काढून त्या जागी नऊ इंची अँड्रॉइड स्टिरिओ बसवायचं काम ॲक्सेसरीच्या दुकानात तास-दीड तासात उरकतं. नकाशा दिसतो, गाणं वाजतं, रिव्हर्स टाकला की कॅमेरा लागतो. तक्रारी सुरू होतात त्या पुढच्या पंधरवड्यात. सकाळी बॅटरी बसलेली असते, नकाशावरचा बाण शेजारच्या गल्लीत फिरतो, ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी येते. यातल्या बहुतेक तक्रारींशी पडद्याचा किंवा अँड्रॉइडचा काही संबंध नसतो. दोष असतो पडद्यामागे कोंबलेल्या तारांमध्ये, आणि तिथलं गणित शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाच्या फारसं पुढे जात नाही.

आधी खोक्यावरचा आकडा पाहू. जवळपास प्रत्येक खोक्यावर ‘५० वॅट × ४’ असं छापलेलं असतं. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. स्टिरिओतली ॲम्प्लिफायर चिप स्पीकरच्या दोन्ही तारा विरुद्ध दिशांनी हलवते. एकीचा व्होल्टेज वर जातो तेव्हा दुसरीचा खाली येतो, म्हणून स्पीकरवर जास्तीत जास्त १४.४ व्होल्टचं शिखर उभं राहू शकतं. शुद्ध सुराच्या साइन लहरीसाठी शक्तीच्या हिशेबात धरायचं त्याचं परिणामी मूल्य ०.७०७ पट, म्हणजे १०.२ व्होल्ट. त्याचा वर्ग करून ४ ओहमने भागलं की येतात २६ वॅट. चिपमध्ये स्वतःसाठीही थोडा व्होल्टेज खर्च होतो, त्यामुळे स्वच्छ आवाजाची खरी मर्यादा १८ ते २० वॅटच्या आसपास असते.

मग ५० आले कुठून? शिखरं पूर्ण कापून लहर चौकोनी केली, तर १४.४ चा वर्ग भागिले ४, म्हणजे जवळपास ५२ वॅट. आकडा खोटा नाही, पण आवाज पूर्ण फाटलेला असतो तेव्हाच तो खरा ठरतो. ट्विटर (चढे सूर वाजवणारे छोटे स्पीकर) जळतात तेही बहुधा इथेच. कापलेल्या लहरीत वरच्या कंप्रतांची भर पडते आणि ती सगळी ऊर्जा ट्विटरच्या केसाएवढ्या तारेच्या वेटोळ्यात शिरते.

इक्वलायझरमध्ये बास ६ डेसिबलने वाढवला तर त्या पट्ट्यात चौपट शक्ती लागते. वीस वॅटच्या चिपकडे ती नसते. म्हणून बास वाढवण्यापेक्षा दारातल्या साडेसहा इंची स्पीकरना ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर अडवणारी गाळणी) लावावा. बहुतेक अँड्रॉइड स्टिरिओत ही सोय असते, पण ती कोणी उघडून बघत नाही. खालचा भार उतरला की तेच स्पीकर मोठ्या आवाजातही मोकळे वाजतात. खरा बास हवाच असेल तर वेगळा ॲम्प्लिफायर आणि वूफर घ्यावा. त्याला दुसरा इलाज नाही.

स्पीकरच्या दोन्ही तारा हलत्या असण्याला आणखी एक महत्त्व आहे. गाणं बंद असतानाही दोन्ही तारांवर साधारण सहा-सात व्होल्ट असतात. जुन्या सवयीने स्पीकरची निगेटिव्ह तार बॉडीला अर्थ केली, तर चिपचं संरक्षण आवाज तोडतं, आणि स्वस्त युनिटात चिपच जाते. दारातून जाणारी तार कुठे सोलून पत्र्याला लागली तरी हेच होतं.

आता उघडायला घेऊ. डॅशबोर्डमधल्या स्टिरिओच्या खाचेची मापं ठरलेली आहेत : सिंगल डिन १८० × ५० मिलिमीटर आणि डबल डिन १८० × १०० मिलिमीटर. नऊ-दहा इंची पडदे यात मावत नाहीत, त्यामुळे त्यांना गाडीच्या मॉडेलनुसार वेगळी फ्रेम लागते. फ्रेमसोबत त्याच मॉडेलचा कपलर (गाडीच्या तारांशी जुळणारा जोड) मागून घ्यावा. पाचशे-हजार रुपये वाचवण्यासाठी कंपनीचं वायरिंग कापून टेप गुंडाळायला देऊ नये. वॉरंटीचा प्रश्न आहेच, शिवाय पिळून टेप लावलेला जोड डॅशबोर्डच्या उन्हात सैल होतो, काळवंडतो आणि त्याचा रोध वाढत जातो. कामाला हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबावं, कारण एअरबॅगच्या यंत्रणेतला कपॅसिटर लगेच रिकामा होत नाही. कुठलाही कपलर सुटा असताना चावी फिरवू नये. नाहीतर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर शोधत फिरावं लागतं.

बाजारातल्या स्टिरिओच्या तारांचे रंग साधारण ठरलेले आहेत. पिवळी म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस, लाल म्हणजे चावी एसीसीवर (ॲक्सेसरीच्या टप्प्यावर) आल्यावर मिळणारा प्लस, काळी अर्थ, आणि नारिंगी हेडलाइटसोबत पडदा मंद करणारी. पांढरी जोडी पुढच्या डाव्या स्पीकरची, राखाडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची. काळी रेघ असलेली तार निगेटिव्ह. गाडीच्या बाजूच्या तारांचे रंग मात्र कंपनीगणिक वेगळे असतात, तिथे फक्त मल्टिमीटरवर विश्वास ठेवावा. चावी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवणारी तार पिवळीला जोडायची, आणि चावी फिरवल्यावर जिवंत होणारी लालला.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत एसीसीची तार सापडतच नाही. तिथे ‘चावी फिरली’ हा निरोप कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या समाईक तारांवरून, संदेश म्हणून येतो आणि तो वाचायला कॅन डिकोडरची डबी लागते. घाईतला फिटर अशा वेळी लाल आणि पिवळी एकत्र पिळून कायमच्या प्लसला जोडतो. स्टिरिओ चालू होतो, गिऱ्हाईक खूश. पडदा विझला तरी आतला संगणक जागाच राहतो. तो नुसता ०.७ अँपिअर घेत असला तरी चोवीस तासांत सुमारे १७ अँपिअर-तास होतात. छोट्या पेट्रोल गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी उभी केलेली गाडी रविवारी सेल्फ मारणार नाही.

हे मोजायचं असेल तर मल्टिमीटर १० अँपिअरच्या पट्ट्यावर ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मालिकेत लावावा, दारं लॉक करावीत आणि अर्धा तास थांबावं. गाडीतली बाकीची मॉड्यूलं झोपल्यावर २० ते ५० मिलिअँपिअर हा आकडा ठीक. तो शंभरावर रेंगाळला तर एकेक फ्यूज काढून चोर शोधावा. मीटर मध्ये असताना स्टार्टर मात्र मारू नये, मीटरचा फ्यूज जागीच उडतो.

नकाशाची गोष्ट वेगळी आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत आणि त्यांचा १५७५.४२ मेगाहर्ट्झचा संकेत जमिनीवर पोहोचेपर्यंत साधारण एका वॅटच्या शंभर कोटी-कोटीव्या भागाएवढा उरतो. आसमंतातल्या नैसर्गिक विद्युत गोंगाटापेक्षाही तो क्षीण असतो. प्रत्येक उपग्रहाचा सांकेतिक क्रम रिसीव्हरला आधीपासून ठाऊक असतो, म्हणूनच तो गोंगाटातून वेचून काढता येतो. असल्या संकेतासाठी दिलेला काडेपेटीएवढा अँटेना दुकानात बहुतेक वेळा स्टिरिओच्या मागेच कोंबतात, म्हणजे वर धातूची चौकट आणि बाजूला प्रोसेसर. त्याची जागा डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकखाली, पुढच्या काचेजवळ. सपाट बाजू आभाळाकडे आणि चुंबकाची बाजू खाली हवी. वर पत्रा किंवा एसीची धातूची नळी नको. काचेवर धातूचा थर असलेली उष्णतारोधक फिल्म असेल तर तीही संकेत अडवते. डॅशकॅमचा स्वस्त चार्जर हा आणखी एक छुपा शत्रू. बाण भरकटत असेल तर आधी तो चार्जर उपटून बघावा.

बसवल्यावर पहिल्यांदा गाडी मोकळ्या आभाळाखाली दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवावी. उपग्रह आपली माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो. स्वतःच्या कक्षेचा तपशील सांगायला त्याला अर्धा मिनिट लागतो, आणि सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक उतरवायला साडेबारा मिनिटं. मोबाइलचं इंटरनेट जोडलेलं असेल तर यातला बराच भाग तिथून येतो. जीपीएससारख्याच आपल्या भारतीय नाविक प्रणालीचे सुरुवातीचे उपग्रह एल-५ आणि एस या रेडिओ पट्ट्यांत बोलतात, फक्त एल-१ ऐकणाऱ्या रिसीव्हरला ते ऐकू येत नाहीत. जीपीएसच्या एल-१ पट्ट्यातला संकेत २९ मे २०२३ ला सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहापासून सुरू झाला. त्यामुळे केवळ खोक्यावर ‘नाविक’ लिहिलंय म्हणून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

बोगद्यात मात्र कितीही चांगला अँटेना असला तरी उपयोग नाही. कंपनीच्या महागड्या नॅव्हिगेशनला चाकांकडून वेगाचे स्पंद मिळतात आणि वळणं मोजायला जायरोस्कोप असतो, म्हणून मुंबईच्या किनारी रस्त्याच्या दोन किलोमीटरच्या बोगद्यातही त्याचा बाण पुढे सरकत राहतो. बाजारातल्या बहुतेक युनिटांत असं काही जोडलेलं नसतं. तिथे बाण एक तर थांबतो, नाहीतर ॲप जुन्या वेगावरून अंदाज बांधतं.

स्टिअरिंगवरची बटणं चालत नाहीत, ही तक्रार तर ठरलेलीच. बऱ्याच गाड्यांत सगळी बटणं एकाच तारेवर असतात आणि प्रत्येक बटण वेगळ्या रोधातून तार अर्थला जोडतं. स्टिरिओ त्या तारेला एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट देतो आणि बटण दाबल्यावर किती व्होल्ट उरले यावरून ते ओळखतो. समजा, बटणांचे रोध १००, ३३० आणि १००० ओहम आहेत. स्टिरिओतला रोध १००० ओहमचा असेल तर व्होल्टेज ०.४५, १.२४ आणि २.५ येतात, म्हणजे सरळ वेगळे. तोच रोध १०,००० ओहमचा असेल तर ०.०५, ०.१६ आणि ०.४५ अशी दाटी होते. मग म्यूट दाबल्यावर आवाज वाढणं ओघानं आलं. काही युनिटांच्या फॅक्टरी सेटिंगमध्ये हा रोध बदलता येतो. बटणं दिवसा नीट चालून हेडलाइट लावल्यावर चुकत असतील तर दोष अर्थचा. जास्त करंट वाहिला की ढिल्या अर्थवर थोडा व्होल्टेज साचतो आणि सगळी मोजणी सरकते.

ॲक्सिलरेटरसोबत चढणारी शिट्टीसुद्धा अर्थचीच देणगी. अल्टरनेटरच्या डायोडमधून गेल्यावरही विजेत बारीक लहर उरते. स्टिरिओ डॅशबोर्डला आणि ॲम्प्लिफायर डिकीत वेगळ्या जागी अर्थ केला, तर या दोन जागांमधला काही मिलिव्होल्टचा फरक, स्टिरिओतून ॲम्प्लिफायरकडे गाणं नेणाऱ्या आरसीए केबलच्या जाळीतून वाहून गाण्यात मिसळतो. ॲम्प्लिफायरजवळ आरसीए उपटल्यावर शिट्टी गेली, तर ती संकेतासोबत येतेय असं समजावं. रंग खरवडून, उघड्या पत्र्यावर बोल्टने कसलेला अर्थ हा पहिला उपाय. बाजारातला आयसोलेटर (आरसीएच्या मध्ये लावून दोन्ही अर्थ वेगळे करणारी डबी) शेवटचा, कारण स्वस्त आयसोलेटर बासही खातो. ॲम्प्लिफायरची प्लस तार थेट बॅटरीवरून घ्यावी, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज टाकावा आणि आरसीए गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्यावी. तार शुद्ध तांब्याची हवी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या तारेचा रोध त्याच जाडीला साधारण दीडपट असतो.

कॅमेऱ्याचं थोडक्यात : रिव्हर्सला पडदा काळा राहिला तर कॅमेरा मोडीत काढण्याआधी सेटिंगमध्ये एएचडी (जास्त स्पष्ट चित्राचा व्हिडिओ) आणि साधा व्हिडिओ, तसंच पाल आणि एनटीएससी या व्हिडिओच्या दोन पद्धती, हे पर्याय बदलून पाहावेत.

फर्मवेअरच्या नादी लागणाऱ्यांसाठी एवढंच की या युनिटांत दोन वेगवेगळी सॉफ्टवेअर असतात. एक अँड्रॉइडचं, दुसरं एमसीयू नावाच्या छोट्या नियंत्रकाचं. चावी, रिव्हर्स, बटणं आणि रेडिओ हे सगळं तो एमसीयू पाहतो. दुसऱ्या जातीच्या बोर्डाची एमसीयू फाइल टाकली की टच उलटा होतो, किंवा पडदा कायमचा काळा पडतो. ‘सेटिंग’मधल्या ‘अबाउट’ पानाचा आणि फॅक्टरी सेटिंगच्या प्रत्येक पानाचा फोटो आधीच काढून ठेवावा. त्या पानावरच्या अँड्रॉइड आवृत्तीवर फार विसंबू नये. एसी ८२२७एल या जुन्या चिपवर अँड्रॉइड ८.१ चालवून वर १० किंवा त्याहून मोठा आकडा रंगवलेली युनिटं बाजारात भरपूर आहेत.

फ्रेम दाबून बसवण्यापूर्वी युनिट लटकतं ठेवूनच सगळं तपासून घ्यावं : चारही स्पीकर, रिव्हर्स, हेडलाइटने मंद होणारा पडदा, चावी काढल्यावर झोपणं. एखादा स्पीकर उलटा जोडला गेला असेल तर बास नाहीसा होतो, कारण ६० हर्ट्झची लहर जवळपास पावणेसहा मीटरची असते आणि एवढ्याशा केबिनमध्ये दोन उलट्या लहरी एकमेकींना पुसून टाकतात. खात्रीसाठी स्पीकरची जोडी स्टिरिओपासून सोडवून तिला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावावा. प्लसला प्लस असेल तर कोन बाहेर येतो. तारांच्या गुंडाळीला कापडी टेप लावून ती हीट सिंकपासून दूर, खालच्या पोकळीत बसवावी. फ्रेमचे क्लिप मग हाताच्या दाबानेच बसायला हवेत. जोर लावावा लागत असेल तर मागे एखादी तार चेपली जातेय, युनिट परत बाहेर काढावं.